‘एवढ्या हजार पोस्ट’ हा आकडा येतो कुठून? सोशल मीडियाचा डेटा पायथॉनने मिळवण्याची सुरुवात

निवडणूक असो, पूर असो की सामना, बातमीत एक वाक्य हमखास असतं: या विषयावर सोशल मीडियावर चोवीस तासांत इतक्या हजार पोस्ट पडल्या. हा आकडा कोणी एकेक पोस्ट वाचून मोजलेला नसतो, प्रोग्रामने मोजलेला असतो. तसा प्रोग्राम लिहायला फार मोठी तयारी लागत नाही. पायथॉनमध्ये यादी, लूप आणि फंक्शन एवढं कळत असेल, तर पहिल्या काही पोस्ट एका बैठकीत हातात येतात. खरं अवघड काम त्यानंतर सुरू होतं. हातात आलेल्या या पोस्ट नेमक्या कुणाच्या, किती आणि कोणत्या वाटेने आल्या, हे ओळखावं लागतं. ते ओळखलं नाही तर प्रोग्राम बिनचूक चालतो आणि उत्तर मात्र चुकतं.

उदाहरणासाठी इथे मॅस्टोडॉन हे सामाजिक माध्यम आणि मॅस्टोडॉन डॉट पीवाय ही पायथॉनची लायब्ररी घेतली आहे. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, पैसे पडत नाहीत आणि शिकताना येणाऱ्या बहुतेक अडचणी इथे एकाच ठिकाणी भेटतात. फंक्शनांची आणि रकान्यांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, बहुतेक ठिकाणी लहान अक्षरांत टाइप करायची असतात.

## एपीआय, टोकन आणि लायब्ररी

जुन्या नोंदींच्या एखाद्या कचेरीत तुम्हाला थेट दप्तरखान्यात शिरता येत नाही. खिडकीवर ठराविक नमुन्यात अर्ज द्यायचा, ओळख दाखवायची आणि मिळेल तेवढी नक्कल घ्यायची. सोशल मीडिया कंपनीचा एपीआय म्हणजे ही खिडकी. तिथे माणसाऐवजी प्रोग्राम अर्ज करतो आणि कागदाऐवजी जेसन नावाच्या ठरलेल्या मांडणीतला मजकूर परत मिळतो. टोकन म्हणजे ओळखपत्र. ही लांबलचक अक्षरमाला दाखवली की हा अर्ज कोणाचा आणि त्याला काय पाहायची मुभा आहे, हे सर्व्हरला कळतं. आणि लायब्ररी म्हणजे कचेरीबाहेर बसून अर्ज बिनचूक लिहून देणारा माणूस. तो नसला तरी अर्ज करता येतोच, पण नमुना, तारखा, सह्या, पुढची पानं हे सगळं मग तुम्हाला सांभाळावं लागतं.

लायब्ररी खिडकीपलीकडचं काही आणून देऊ शकत नाही, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं. ‘कोणती लायब्ररी वापरली की सगळा डेटा मिळेल?’ हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. किती मिळेल हे एपीआय ठरवतो. लायब्ररीमुळे फक्त मागणं सोपं होतं.

## या खिडक्या इतक्या अरुंद का झाल्या?

दहा-बारा वर्षांपूर्वीचे धडे आज चालवून पाहिले तर बहुतेक बंद पडलेले दिसतात. त्यामागे चार ठळक घटना आहेत. २०१८ मध्ये केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं. फेसबुकने स्वतः सांगितलं की ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती अयोग्य रीतीने बाहेर गेली असावी. त्यानंतर फेसबुकने आपला एपीआय झपाट्याने आवळला. २०२३ च्या फेब्रुवारीत ट्विटरने मोफत एपीआय बंद करण्याची घोषणा केली. मार्चमध्ये आलेल्या पायाभूत योजनेत महिन्याला १०० डॉलर भरून १०,००० पोस्ट वाचता येत होत्या. संशोधनाच्या दृष्टीने हा आकडा अगदीच तुटपुंजा. त्याच वर्षी रेडिटने मोठ्या वापरासाठी दर हजार विनंत्यांना ०.२४ डॉलर असा दर जाहीर केला आणि रेडिट वाचण्याचं अपोलो हे लोकप्रिय अॅप ३० जून २०२३ ला बंद पडलं. पुढे फेसबुकची मालक कंपनी मेटाने क्राउडटँगल हे पत्रकार आणि संशोधक वापरत असलेलं पोस्टचा माग काढण्याचं साधन १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं.

म्हणून कोणताही जुना धडा हाती घेण्याआधी त्याची तारीख बघा आणि त्या प्लॅटफॉर्मच्या सध्याच्या अटी वाचा. कोड चालत नाही याचं कारण अनेकदा तुमची चूक नसते, ती खिडकीच बंद झालेली असते.

## तयारी: खातं, टोकन आणि फाइलचं नाव

मॅस्टोडॉन एका कंपनीच्या एका सर्व्हरवर चालत नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी अॅक्टिव्हिटीपब या सामाईक संकेताने बोलतात. म्हणून आधी एखाद्या सर्व्हरवर खातं उघडा आणि त्याचे नियम वाचा. काही सर्व्हरांच्या नियमांत आपोआप डेटा गोळा करण्याबद्दल स्पष्ट कलम असतं. तसं काही सापडलं नाही तरी प्रशासकाला दोन ओळी लिहून कळवणं चांगलं.

खात्याच्या सेटिंगमध्ये ‘डेव्हलपमेंट’ हा भाग असतो. तिथे नवं अॅप्लिकेशन तयार करा. नाव कोणतंही चालेल, पण हेतू कळेल असं द्या. त्याखाली परवान्यांची यादी येते. त्यातला फक्त वाचनाचा परवाना ठेवा आणि लिहिण्याच्या, फॉलो करण्याच्या खुणा काढून टाका. मोजणी करणाऱ्या प्रोग्रामला पोस्ट टाकायची मुभा देण्याचं काहीच कारण नाही. एखादी ओळ चुकली तर निदान तुमच्या खात्यावरून भलतंच काही जाणार नाही. अॅप्लिकेशन तयार झालं की तीन गोष्टी दिसतात: क्लायंट की, क्लायंट सीक्रेट आणि अॅक्सेस टोकन. आपल्याला तिसरी पुरते. परवाने नंतर बदलले, तर टोकनही नव्याने तयार करून घ्या.

जुन्या धड्यांत ईमेल आणि पासवर्ड देऊन लॉग-इन करणारं फंक्शन दाखवलेलं असतं. ती वाट सोडा. मॅस्टोडॉनच्या नव्या आवृत्त्यांनी ती बंद केली आहे, आणि चालू होती तेव्हाही पासवर्ड कोडमध्ये लिहिणं धोक्याचंच होतं.

टोकनसुद्धा कोडच्या फाइलमध्ये लिहू नका. ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर संगणकाच्या सेटिंगमध्ये, किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरत असाल तर ती फाइल त्याच्या वगळण्याच्या यादीत घाला. चुकून टोकन गिटमध्ये गेलंच, तर ती ओळ पुसून भागत नाही, कारण जुनी नोंद इतिहासात तशीच राहते. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन टोकन रद्द करायचं आणि नवं घ्यायचं, एवढाच खात्रीचा उपाय.

आता संगणकावर. कामासाठी वेगळी फोल्डर करा, तिच्यात पायथॉनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे याच कामापुरत्या लायब्ररी ठेवायची वेगळी जागा, तयार करा आणि पिप या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने मॅस्टोडॉन डॉट पीवाय बसवा. पुढचा खड्डा फार साधा आहे, तरी त्यात पडणारे पुष्कळ. आपल्या प्रोग्रामच्या फाइलला मॅस्टोडॉन हे नाव देऊ नका. पायथॉन आधी त्या प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये शोधतो. त्याला तिथे तुमचीच फाइल सापडते, खऱ्या लायब्ररीपर्यंत तो पोचतच नाही आणि ‘हे नाव आयात करता येत नाही’ अशी चूक दिसते. लायब्ररी चार वेळा काढून बसवली तरी ही चूक जात नाही. फाइलचं नाव बदललं की जाते.

## पहिली विनंती

लायब्ररीतून मॅस्टोडॉन हा क्लास आयात करा आणि त्याला दोन गोष्टी द्या: अॅक्सेस टोकन आणि सर्व्हरचा पूर्ण पत्ता. मग अकाउंट व्हेरिफाय क्रेडेन्शियल्स हे फंक्शन चालवा. उत्तरात तुमच्याच खात्याची माहिती आली तर जोडणी झाली. ४०१ हा क्रमांक आला तर टोकन चुकलं आहे. बहुतेकदा नक्कल करताना शेवटचं अक्षर सुटलेलं असतं किंवा मोकळी जागा चिकटलेली असते. ४०३ आला तर टोकन बरोबर आहे, पण त्या कामाचा परवाना नाही.

यानंतर टाइमलाइन हॅशटॅग हे फंक्शन. त्याला हॅशटॅगचं नाव द्यायचं, पण पुढचं चिन्ह गाळून. चिन्हासह दिलं तर लायब्ररी लगेच अडवते. सोबत लिमिट म्हणून ४० द्या. काहीच दिलं नाही तर सर्व्हर २० पोस्ट देतो आणि एका वेळी ४० च्या वर देत नाही. लिमिट ५०० लिहिलं म्हणून ५०० मिळत नाहीत, आणि कमी दिल्याची सूचनाही मिळत नाही. आलेली यादी किती लांबीची आहे हे प्रत्येक वेळी छापून बघण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

मराठी विषयासाठी एक जादा काम आहे. देवनागरीतला हॅशटॅग आणि त्याचंच रोमन रूप सर्व्हरच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द आहेत. दोन्ही वेगवेगळे मागवा आणि मग एकत्र करा. एकाच पोस्टमध्ये दोन्ही असले तर ती दोनदा येईल. ती कशी ओळखायची, ते पुढे येतं.

## पानं मागे मागे उलटताना

४० च्या पलीकडे जायचं तर पुढचं पान मागावं लागतं. इथे पानांना क्रमांक नसतात, आणि त्याला कारण आहे. तुम्ही पहिलं पान वाचत असताना वर दहा नव्या पोस्ट आल्या, तर क्रमांकाने मागितलेल्या दुसऱ्या पानावर आधीच्याच दहा पोस्ट पुन्हा दिसतील. म्हणून ‘या आयडीच्या आधीच्या पोस्ट दे’ असं मागायचं. त्यासाठी मॅक्स आयडी हा घटक असतो. लायब्ररीतलं फेच नेक्स्ट हे फंक्शन ते आपोआप करतं. त्याला आधीचं पान जसंच्या तसं द्या. नको असलेल्या पोस्ट काढून तुम्ही स्वतः बनवलेली नवी यादी दिली, तर पुढच्या पानाची खूण हरवते. ती मूळ पानालाच चिकटलेली असते. फेच नेक्स्टने ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, परत दिलं की पानं संपली.

फेच रिमेनिंग नावाचं फंक्शनही आहे. ते शेवटपर्यंतची सगळी पानं एकदम आणतं. लोकप्रिय हॅशटॅगवर ते चालवू नका. कधी संपेल याचा अंदाज नसतो, आणि मध्येच बंद पडलं तर तोवर आणलेलं सगळं जातं. लूप स्वतः लिहा. प्रत्येक पान आलं की लगेच फाइलमध्ये लिहा आणि ठराविक तारखेच्या मागे गेलात की थांबा.

तारीख तपासताना एक चूक ठरलेली. लायब्ररी क्रिएटेड अॅट या रकान्यात वेळ देते ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वेळक्षेत्राच्या नोंदीसह. तुम्ही तुलनेसाठी साधी तारीख तयार केली असेल, तर पायथॉन दोन वेगळ्या प्रकारच्या वेळांची तुलना नाकारतो. आपली तारीखही यूटीसीची नोंद देऊन तयार करावी. दिवसवार मोजणी करताना मात्र ती वेळ वाचकांच्या घड्याळात बदलून घ्या, नाहीतर मध्यरात्रीच्या आगेमागे पडलेल्या पोस्ट भलत्याच दिवसाच्या खात्यात जातात.

## प्रोग्राम अडकला की थांबला आहे?

मॅस्टोडॉनची मूळ मर्यादा एका खात्याला पाच मिनिटांत ३०० विनंत्या अशी आहे. एक लाख पोस्ट हव्या असतील तर ४० च्या हिशेबाने २,५०० विनंत्या लागतात. म्हणजे नेटचा वेग कितीही असो, साधारण ४० मिनिटं लागणारच. मर्यादा ओलांडली की सर्व्हर ४२९ हा क्रमांक देतो. लायब्ररी हे गुपचूप हाताळते: पुन्हा मुभा मिळेपर्यंत झोपी जाते. पडद्यावर काहीच हलत नाही, म्हणून लोक प्रोग्राम तोडतात, पुन्हा सुरू करतात आणि पुन्हा तिथेच अडकतात. प्रत्येक पानानंतर एक ओळ छापत गेलात तर तो अडकला आहे की वाट पाहतो आहे, हे कळतं. लायब्ररीला ‘पेस’ हा पर्याय दिला तर ती विनंत्या आधीपासूनच पसरून करते. रात्रभर चालणाऱ्या कामाला तो बरा.

मर्यादा चुकवण्यासाठी चार खाती उघडून चार टोकनं वापरायची युक्ती अनेकांना सुचते. ती करू नये. यातले बरेच सर्व्हर स्वयंसेवक चालवतात आणि खर्च देणग्यांवर भागतो. तुमच्या घाईचं ओझं त्यांच्या यंत्रावर पडतं, आणि सर्व्हरने तुम्हाला पूर्ण अडवलं तर काम तिथेच संपतं.

## पोस्टच्या पोटात काय असतं?

एक पोस्ट म्हणजे नुसता मजकूर नव्हे, अनेक रकान्यांची नोंद असते. त्यातले काही रकाने हमखास फसवतात.

कॉन्टेंट या रकान्यात साधा मजकूर नसतो, एचटीएमएल असतं, म्हणजे वेबपानाच्या मांडणीच्या खुणा (टॅग) मिसळलेला मजकूर. ते साफ करायला ब्यूटिफुल सूप ही लायब्ररी वापरतात. हे टॅग नुसते उडवून लावले तर ओळ बदलण्याच्या जागी शब्द एकमेकांना चिकटतात. हे टाळायला लोक प्रत्येक तुकड्यामध्ये मोकळी जागा घालतात, आणि मग हॅशटॅग फुटतात, कारण मॅस्टोडॉनमध्ये चिन्ह एका तुकड्यात आणि शब्द दुसऱ्या तुकड्यात असतो. योग्य क्रम असा: आधी ओळ बदलण्याच्या आणि परिच्छेद संपण्याच्या जागी नवी ओळ घालायची, मग कोणतंही विभाजक न देता मजकूर काढायचा. हॅशटॅग मोजायचे असतील तर मजकुरात शोधूच नका. टॅग्ज हा वेगळा रकाना तयार असतो.

एखाद्या खात्याच्या सगळ्या पोस्ट घेतल्या तर त्यात बूस्ट, म्हणजे दुसऱ्याची पुढे पाठवलेली पोस्टही येते. मूळ लेखकाची पोस्ट तिच्या रीब्लॉग या रकान्यात असते. हा रकाना भरलेला आहे का, हे न तपासता मोजणी केली तर दुसऱ्याची पोस्ट याच्या नावावर लागते.

लँग्वेज हा रकाना सर्व्हर मजकूर वाचून ठरवत नाही. लिहिणाऱ्याने किंवा त्याच्या अॅपने जे निवडलं असेल ते तिथे येतं. अॅप इंग्रजीत ठेवून मराठीत लिहिणाऱ्याची पोस्ट इंग्रजी म्हणून नोंदली गेली असण्याची शक्यता भरपूर. केवळ या रकान्यावर विसंबून ‘मराठी पोस्ट’ गाळल्या तर अशा कितीतरी पोस्ट हातून जातात. भाषा ओळखणारी साधनंही चार-पाच शब्दांच्या मजकुरात मराठी आणि हिंदीची गल्लत करतात. लहान नमुन्यासाठी डोळ्यांनी तपासणं अजूनही सगळ्यात विश्वासाचं.

## साठवण्यातली देवनागरीची दुखणी

इंग्रजी धड्यांत हा भाग नसतोच, आणि मराठीत काम करणाऱ्याचा सर्वाधिक वेळ इथेच जातो.

कच्चा डेटा जेसनच्या स्वरूपात, एका ओळीला एक पोस्ट असा साठवा आणि त्या फाइलला पुन्हा हात लावू नका. साफसफाई नेहमी तिच्या नकलेवर करा. लिहिताना पायथॉन तक्रार करेल की तारीख जेसनमध्ये बसत नाही. तारखांचं अक्षरांत रूपांतर करण्यासाठी डिफॉल्ट या घटकात एसटीआर द्या. एन्शुअर आस्की हा घटक फॉल्स करा, नाहीतर प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी आकडी संकेत छापले जातील. डेटा बिघडत नाही, पण फाइल उघडून वाचता येत नाही. आणि फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ आहे असं दर वेळी लिहा. विंडोजवर ते राहिलं तर पहिल्याच मराठी पोस्टला प्रोग्राम कोसळू शकतो.

एक्सेलसाठी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने तोडलेली फाइल, करायची असेल तर एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. त्यामुळे फाइलच्या सुरुवातीला एक खूण पडते आणि एक्सेल देवनागरी नीट दाखवतं. ती खूण नसेल तर विचित्र चिन्हांची रांग दिसते. एक्सेलचा दुसरा घोळ जास्त घातक, कारण तो दिसत नाही. पोस्टचा आयडी १८ अंकी असतो आणि एक्सेल आकड्याचे फक्त पहिले १५ अंक धरतं, पुढचे शून्य करतं. तशी फाइल एकदा जतन झाली की मूळ आयडी गेले. आयडी नेहमी मजकूर म्हणून आयात करा.

शब्द मोजायला बसलात की पुढचं दुखणं. नमुना देऊन मजकूर शोधण्याची पायथॉनची अंगभूत सोय म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन; तिच्यात ‘शब्दाचं अक्षर’ या व्याख्येत मात्रा, वेलांट्या, अनुस्वार बसत नाहीत. परिणामी ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. शब्दांच्या यादीत वर एकाक्षरी तुकडे दिसले तर हेच कारण. यावर रेजेक्स नावाची वेगळी लायब्ररी आहे, ती मात्रा शब्दातच धरते. किंवा मोकळ्या जागेवर तोडून कडेची विरामचिन्हं काढली तरी बऱ्याच कामांना पुरतं.

शेवटचं, खास मराठी: ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्य तीन तऱ्हांनी टाइप झालेला असतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब), तिसऱ्यात र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखे, संगणकाला तीन निरनिराळे शब्द. पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही. तिथे ‘र, हलन्त, अदृश्य चिन्ह’ याच्या जागी ‘ऱ, हलन्त’ अशी अदलाबदल स्वतः करावी लागते. हे न करता ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांना’ असे शब्द मोजले तर त्यांचे आकडे खऱ्यापेक्षा कमी दिसतात, आणि शेतीसारख्या विषयात तर नेमका महत्त्वाचा शब्दच मागे पडतो.

## मग हाती आलेला आकडा कशाचा?

समजा सगळं नीट झालं आणि एका हॅशटॅगच्या ३,२०० पोस्ट जमल्या. ‘मॅस्टोडॉनवर ३,२०० पोस्ट पडल्या’ असं लिहिता येईल का? नाही. तुमच्या सर्व्हरला फक्त तेच माहीत असतं जे त्याच्यापर्यंत पोचलं: त्याच्या स्वतःच्या सदस्यांच्या पोस्ट, ते ज्यांना फॉलो करतात त्या बाहेरच्या लोकांच्या पोस्ट आणि इतर सर्व्हरांशी जोडणी असेल तर तिकडून आलेल्या. दुसऱ्या सर्व्हरवरून हाच प्रोग्राम चालवला तर वेगळी यादी मिळेल. पसंतीचे आकडेही असेच अपुरे, बाहेरच्या पोस्टला दूर कुठे मिळालेली पसंती तुमच्या सर्व्हरला कळतेच असं नाही.

हे कमी करायला दोन-तीन सर्व्हरांवरून डेटा घेऊन एकत्र करता येतो. जोडताना आयडी वापरू नका. तो प्रत्येक सर्व्हर आपापला देतो, एकाच पोस्टचे तीन सर्व्हरांवर तीन आयडी असतात. यूआरआय हा पोस्टचा मूळ पत्ता सांगणारा रकाना मात्र सगळीकडे सारखा. दुहेरी पोस्ट त्यावरून काढा. देवनागरी आणि रोमन हॅशटॅगच्या दोन याद्या जोडतानाही हेच करायचं.

आकड्यासोबत कोणता सर्व्हर, कोणते हॅशटॅग, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत, केव्हा गोळा केला आणि लायब्ररीची आवृत्ती कोणती, एवढं लिहून ठेवा. डेटाच्या फोल्डरमध्येच एक छोटी टिपणाची फाइल पुरते. ज्या बातमीत यातलं काहीच दिलेलं नसतं, तिचा आकडा तपासता येत नाही, म्हणून त्यावर निष्कर्षही बांधता येत नाही.

## ‘पान थेट उतरवून घेतलं तर काय बिघडलं?’

ब्राउझरला दिसणारं पान प्रोग्रामने वाचून त्यातून मजकूर वेचणं, म्हणजे स्क्रेपिंग. बंधनं कमी वाटतात म्हणून ते मोहवतं. पण पानाची रचना बदलली की प्रोग्राम चुकतो, आणि अनेकदा चूक न दाखवता चुकतो: एक रकाना रिकामा येऊ लागतो आणि आठवडाभराने लक्षात येतं. बहुतेक मोठ्या प्लॅटफॉर्मच्या अटींत त्याला मनाई आहे. खिडकी उघडी असताना भिंत चढण्यात फायदा नाही, आणि जिथे खिडकीच नाही तिथे आधी नियम आणि कायदा नीट वाचावा.

## ‘लोकांनीच उघड्यावर लिहिलंय, मग परवानगी कसली?’

तांत्रिकदृष्ट्या पोस्ट सार्वजनिक असते, पण दोनशे ओळखीच्या लोकांसाठी लिहिलेलं वाक्य अहवालात शब्दशः छापलं की शोधून त्या माणसापर्यंत कोणालाही पोचता येतं. आजारपण, जात, धर्म, राजकीय मत अशा विषयांत याचे परिणाम खऱ्या आयुष्यात भोगावे लागतात. शक्य तिथे एकत्रित आकडे द्या, वाक्य द्यायचंच असेल तर विचारा. खात्यांची नावं विश्लेषणाला लागत नसतील तर साठवूच नका. कुणी पोस्ट पुसली असेल तर तुमच्याकडची नक्कलही काढावी, त्यासाठी छापण्याआधी आयडींची यादी एकदा पुन्हा तपासून घ्या. मॅस्टोडॉनवर खात्याच्या नोंदीत शोधयंत्रांना नको म्हटल्याची खूण असते, आणि ४.२ आवृत्तीपासून पोस्ट शोधात याव्यात की नाही हे सदस्य स्वतः ठरवतो. ज्यांनी नको म्हटलंय त्यांना वगळणं ही एका ओळीची अट आहे. ती घालायलाच हवी.

## ‘हे सगळं एआय लिहून देईल ना?’

सांगाडा देईल, चांगला देईल. पण या क्षेत्रातले नियम दर वर्षी बदलतात आणि एआयने वाचलेले धडे बरेचसे २०२३ पूर्वीचे असतात. म्हणून तो बंद पडलेली पासवर्डची वाट सुचवतो, किंवा नसलेल्या फंक्शनचं पटण्यासारखं नाव देतो. मिळालेलं प्रत्येक फंक्शन लायब्ररीच्या अधिकृत दस्तऐवजात शोधा. आणि आपलं खरं टोकन चॅटमध्ये चिकटवू नका.

## इतर प्लॅटफॉर्मवर

ब्लूस्कायसाठी पायथॉनमध्ये एटीप्रोटो ही लायब्ररी आहे. तिथे खात्याच्या मुख्य पासवर्डऐवजी सेटिंगमधून वेगळा अॅप पासवर्ड तयार करून द्यावा, आणि पानं उलटायला मॅक्स आयडीऐवजी कर्सर नावाची खूण वापरतात. रेडिटसाठी प्रॉ आहे. तिला क्लायंट आयडी, सीक्रेट आणि आपल्या प्रोग्रामची ओळख सांगणारा यूजर एजंट लागतो. यूजर एजंट मोघम ठेवला तर रेडिट विनंत्या अडवतं. नोंदणीच्या अटी तिथे बदलत आल्या आहेत, त्या सुरुवातीलाच वाचा. शिवाय रेडिटची कोणतीही यादी सुमारे १,००० नोंदींवर थांबते, म्हणून एखाद्या गटाचा जुना इतिहास अशा यादीतून पूर्ण मिळत नाही. एक्ससाठी, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरसाठी, ट्वीपी ही जुनी आणि नांदती लायब्ररी आहे, पण वाचनासाठी खर्चाचा हिशेब आधी करावा लागतो आणि दर त्यांच्या विकासकांच्या पानावर त्याच दिवशी पाहावे लागतात.